मोबदल्याचा चेक आल्यावर

वकिलाला धंदा करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ४७ वा नियम याबाबत स्वच्छ आहे: वकिलाने स्वतः कुठल्याही धंद्यात पडू नये. फार तर नावापुरतं भागीदार राहावं, तेही तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला शोभत असेल तर. ४८ वा नियम जरा सैल सोडतो. कंपनीच्या संचालक मंडळावर बसा, अध्यक्ष व्हा, बैठकीचा भत्ता घ्या. पण रोजच्या कारभाराला हात लावू नका, आणि व्यवस्थापकीय संचालक किंवा सचिव तर मुळीच होऊ नका. मला रोजचा कारभारच करायचा होता. म्हणून २०१३ साली, यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात बरी चालणारी वकिली असताना, मी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद स्थगित ठेवण्याचा अर्ज पाठवला आणि दोघांना सोबत घेऊन गुंतवणुकीची एक लहानशी कंपनी काढली. एक बँकेतून निवृत्त झालेले व्यवस्थापक, दुसरी बी.कॉम. झालेली माझी भाची. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. हा लेख जाहिरातीसाठी नाही.

बार रूममध्ये चहा पिताना एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "मॅडम, कोर्टातली इज्जत सोडून एजंट होता?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या भागात एजंट म्हणजे काय हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. दुप्पट पैशांच्या योजनेची पावती फाडणारा, विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या साळ्याचे पैसे आधी भरणारा, आणि योजना बुडाल्यावर रातोरात गाव सोडणारा. असे खटले मी चालवले होते, कधी ठेवीदाराच्या बाजूने, कधी एजंटाच्या. एजंटाचं वकीलपत्र जास्त जड जातं. तो फसवणारा असतो आणि फसलेलाही असतो, आणि कोर्टाच्या कागदात या दोहोंसाठी एकच रकाना असतो, आरोपीचा.

वकिलाने कंपनी काढणं वऱ्हाडाला नवं मात्र नव्हतं. अमरावतीचे वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांनी १८८५ साली बेरार ट्रेडिंग कंपनी उभी केली होती. हेच मुधोळकर पुढे १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तिकडे साताऱ्याला अण्णासाहेब चिरमुले यांनी वकिली करता करता १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी आणि १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक काढली. विमा कंपनी १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात आयुर्विमा महामंडळात गेली, बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. त्या पिढीत कंपनीचा कायदा इंग्रजीतून वाचू शकणारा आणि तरीही सावकार, व्यापारी, शेतकरी अशा तिघांचाही ज्याच्या ओसरीवर राबता असायचा असा माणूस वकीलच. कुणाचं किती देणं आहे, कुणाचा शब्द पक्का आहे, हे त्याला त्याच्या दप्तरावरूनच कळायचं.

पण त्यांच्यात आणि माझ्यात एक फरक आहे आणि तो मला अधूनमधून टोचतो. मुधोळकरांनी वऱ्हाडातला पैसा वऱ्हाडातच लावायची खटपट केली. आमची कंपनी यवतमाळ, बाभूळगाव, दारव्ह्याचा पैसा गोळा करून मुंबईच्या फंडांकडे पाठवते, आणि तिथून तो कुठल्या तरी औषध कंपनीत नाही तर सॉफ्टवेअर कंपनीत जातो. उलट्या दिशेचा अनुभवही या जिल्ह्याने घेतलेला आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने इथला कापूस बाहेर न्यायला मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची नॅरोगेज टाकली. आपण तिला लाडाने शकुंतला म्हणतो. इंग्रज गेले, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ही लाइन कंपनीच्याच मालकीची राहिली आणि सरकारी रेल्वे तिच्यावर गाडी चालवून कंपनीला मोबदला देत राहिली. करार नीट वाचून केलेली गुंतवणूक किती वर्षं पोसते, हे मी माझ्या ज्युनियरना शकुंतलेवरून समजावत असे.

मोबदला या शब्दापाशीच माझं काम सुरू झालं. बेंबळा नदीवर खडकसावंग्याला धरण झालं, जिल्ह्यात इतर प्रकल्प झाले, रस्ते झाले, वणीकडे कोळसा खाणी वाढल्या. त्या सगळ्यांत वावरं गेली. सरकारने दिलेला दर कमी वाटला की १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली संदर्भ अर्ज करायचा आणि वाढीव मोबदला मागायचा. माझी निम्मी वकिली या अर्जांवर चालली. हिशोब मोठा गमतीचा असे. कोर्टाने ठरवलेला बाजारभाव, त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम, अधिसूचनेपासून १२ टक्के, आणि वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के व नंतर १५ टक्के व्याज. निकालाला दहा-बारा वर्षं लागायची, त्यामुळे बऱ्याचदा मुद्दलापेक्षा व्याजच जास्त भरायचं. उशिराने झालेला न्याय या एकाच ठिकाणी व्याजासकट मिळतो, असं आम्ही वकील आपसात म्हणायचो. मग सरकार नागपूर खंडपीठात अपिलात जायचं, रक्कम कोर्टात जमा व्हायची, निम्मी लगेच उचलायला मिळायची आणि उरलेली जामीन देऊन.

ज्या दिवशी चेक निघायचे त्या दिवशी कोर्टाच्या फाटकाबाहेर जत्रा भरे. मोटारसायकलच्या शोरूमची पोरं, ट्रॅक्टरचे एजंट, विम्याच्या पॉलिसीवाले. कुणाला किती मिळणार हे त्यांना पक्षकाराच्या आधी कळलेलं असायचं. कसं, ते मी कधीच शोधलं नाही. दोन वर्षांनी तोच पक्षकार दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी, बहुधा बँकेची नोटीस घेऊन, परत यायचा. मी विचारायची, पैसे काय केले? उत्तरं ठरलेली असायची. पोरीचं लग्न, स्लॅबचं घर, एक चारचाकी जी भाड्याने चालणार होती आणि आता दारात उभी आहे. विम्याच्या बाबतीत तर फारच वाईट व्हायचं. एकदाच भरायचे पैसे आहेत असं सांगून दोन लाख घेतलेले असायचे, आणि वर्षभराने पत्र यायचं की दुसरा हप्ता भरा. तो कुठून भरणार? मोबदला काही दरवर्षी मिळत नाही.

सगळ्यात शहाणा वाटणारा मार्ग म्हणजे वावर गेलं तर दुसरं वावर घ्यायचं. बहुतेकांना तेच हवं असायचं. पण एकाच धरणाचे चेक एकाच हंगामात निघतात. आठ-दहा गावांतली माणसं हातात पैसे घेऊन त्याच पट्ट्यात जमीन शोधायला निघतात, आणि पंचवीस-तीस कोसांत भाव बघता बघता दीडपट होतात. पाच एकर गमावलेला माणूस तीन एकरांवर येतो. कायदा गेलेल्या जमिनीची किंमत ठरवतो ती जुन्या खरेदीखतांवरून. नव्या जमिनीची किंमत ठरवतो समोरचा मालक, ज्याला तुमच्या चेकचा आकडा माहीत असतो. २०१३ च्या नव्या कायद्याने मोबदला वाढला, पण ही अडचण सुटली नाही. उलट एका दमात येणारा आकडा मोठा झाला. माझ्या मते मोबदल्याचा चेक म्हणजे कमाई नव्हेच. ते वावरच आहे, कागदाच्या रूपात आलेलं, आणि वावराला लावतो तेवढी अक्कल त्याला लावायला हवी. हे लोकांना कोर्टात उभं राहून सांगता येत नाही. वकीलपत्र निकालापाशी संपतं. कंपनी काढण्यामागे एवढंच होतं.

मोबदल्याबरोबर आणखी एक गोष्ट उगवते, बहिणी. ज्या बहिणीने लग्नानंतर माहेरच्या सातबाऱ्याकडे कधी पाहिलं नाही, तिची आठवण भावाला चेकच्या आधी येते. साडी, जेवण, आणि जेवणानंतर हक्कसोड पत्र. काही बहिणी हसत सही करतात आणि माहेर तुटायला नको म्हणतात. तो त्यांचा निर्णय आहे. पण सही करण्याआधी आकडा किती आहे हे कुणी तरी तिला सांगायला हवं, एवढा आग्रह मी वकील असताना धरला आणि त्यापायी काही पक्षकार गमावले.

बाभूळगावकडची एक बाई आठवते. नवरा नव्हता, सासऱ्याच्या नावच्या जमिनीचा निवाडा झाला होता आणि तिचा व दोन पोरांचा हिस्सा वेगळा निघाला होता. पोरांच्या वाटणीचे पैसे ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवायचा हुकूम कोर्टानेच केला होता. प्रश्न तिच्या वाट्याचा होता. दीर सोबत आला होता आणि सगळं तोच बोलत होता. फंड कोणता, किती टक्के, किती वर्षांत दुप्पट. ती मांडीवरच्या नायलॉनच्या पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती, सोडत होती. दीर झेरॉक्स काढायला खाली गेला तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, "बाई, हे पैसे माह्या नावानं राहतीन न? काढाले त्याची सही त लागनार नाही?" बाकी तिला काही विचारायचं नव्हतं. परताव्याची टक्केवारी, जोखमीचे रंगीत तक्ते, पाच वर्षांचे आलेख यांतलं काहीही त्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हतं.

आम्ही तिला काय सांगितलं? आधी सोसायटीचं कर्ज फेडून नील दाखला घ्या. मग एकट्या नावाचं बँक खातं. मग पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, जिची मर्यादा तेव्हा एका नावावर साडेचार लाख होती आणि महिन्याला तीन हजारांच्या वर हाती पडत. उरलेल्यातून थोडी जमीन, जमलं तर. या सगळ्यात आमच्या कंपनीला एक छदामही मिळाला नाही. निवृत्त बँक साहेब त्या संध्याकाळी म्हणाले, "मॅडम, असंच चाललं तर दुकानाचं भाडं कोण भरणार?" ते बोलले ते खरंच होतं. भाडं भरलं ते मास्तरांनी आणि एसटीच्या लोकांनी. त्यांना दरमहा पगार, त्यामुळे दरमहा हप्ता. २०२१-२२ च्या एसटी संपात ते हप्तेही पटापट बंद पडले, आणि तेव्हा मला कळलं की पगारदार म्हणजे भरवशाचा, ही समजूतही हवामानावरच अवलंबून असते.

बाईच्या हाती आलेला पैसा सांभाळायचा कसा, हा प्रश्न सरकारलाही एकदा पडला होता. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीपैकी ३० हजार हाती आणि ७० हजार ठेव म्हणून, असा शासन निर्णय २००६ साली झाला. त्यावर टीका खूप झाली, बाईला तिचेच पैसे हाताळू देत नाही म्हणून. टीका चूक नव्हती. पण दारात सावकार, भासरे आणि सोयरे बसलेले असताना ७० हजार ठेवीत अडकलेले असणं म्हणजे काय, हे मी चार घरांत जवळून पाहिलं आहे, आणि माझं मत त्या टीकेइतकं ठाम राहिलेलं नाही.

गुंतवणुकीची पुस्तकं पगाराच्या माणसासाठी लिहिलेली असतात. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. आमच्याकडे पैसा येतो कापसाबरोबर, वेचणीची सीतादही पूजा झाल्यानंतर, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, नंतर तूर. जातो दोनदा. एकदा मृगाच्या तोंडावर बी-खतात, आणि त्याआधी मार्चअखेर. मार्चचं प्रकरण बाहेरच्या माणसाला समजत नाही. पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजात सवलत मिळते आणि नवं कर्ज मिळतं. भरायला हातात रोख नसते. मग आठ-पंधरा दिवसांसाठी कुणाकडून तरी उचल घ्यायची, सोसायटीत भरायची, नवं कर्ज निघालं की उचल फेडायची. याला सगळे नवं-जुनं करणं म्हणतात. त्या आठ-पंधरा दिवसांसाठी पूर्ण महिन्याचं शेकडा पाच मोजलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. सावकारीचा कायदा १९४६ चा होता, २०१४ ला नवा आला, पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुणी कायदा वाचत नाही.

आता हिशोब करा. अशा शेतकऱ्याने लाखभर रुपये बचत खात्यात किंवा लिक्विड फंडात ठेवले, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत मिळतील अशा जागी, आणि मार्चला स्वतःचेच वापरून एप्रिलला परत भरले, तर त्या लाखाने त्याला काय मिळवून दिलं? त्या वेळच्या दराने चार-सहा टक्के व्याज तर मिळालंच, शिवाय दरवर्षी सावकाराला जाणारे पाच हजार वाचले. बाजाराने एखाद्या चांगल्या वर्षी दिलं असतं तेवढं हे होतं, आणि खात्रीचं. मी कंपनीत हा हिशोब भिंतीवर लिहून लावला. फंडांच्या कंपन्यांकडून येणारे तरुण अधिकारी तो वाचून गोंधळायचे. त्यांच्याकडे जोखीम घेण्याची तयारी मोजायचा एक फॉर्म असतो: बाजार २० टक्के पडला तर तुम्ही काय कराल? ज्याने दर जूनला पेरणी मोडण्याची तयारी ठेवून बियाणं मातीत टाकलं आहे, त्याला हे विचारायचं म्हणजे कठीणच. त्याची जोखीम वावरात आधीच पूर्ण भरलेली असते. त्याच्या उरलेल्या पैशाने शांत बसावं.

शांत बसणाऱ्या पैशावर कंपनी चालत नाही, हेही सांगायला हवं. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने म्युच्युअल फंडाचा प्रवेश आकार बंद केला. त्याआधी गुंतवणूक करतानाच सव्वादोन टक्क्यांपर्यंत कापले जायचे आणि त्यातून वितरकाला मिळायचे. आता गुंतवणूक टिकेल तोवर वर्षाला थोडं थोडं मिळतं. शेअर बाजाराच्या फंडात लाखामागे ढोबळमानाने पाचशे ते हजार, लिक्विड फंडात तर नाममात्र. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण तालुक्याच्या गावात दुकान उघडून बसणाऱ्याला ते परवडत नाही, म्हणून तिथे तो येत नाही, आणि ती जागा दुप्पटवाला घेतो. मी फी घेऊन सल्ला द्यायचाही विचार केला होता. वकिलाला फी द्यायची असते हे लोकांना मान्य आहे. सल्ला चुकला, केस हरली तरी देतात. त्याच माणसाने "पैसे कुठे ठेवू?" या प्रश्नासाठी मी पाचशे रुपये मागितल्यावर माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो नाद सोडून दिला. भांडणाला पैसे लागतात हे पटतं, ते टाळायलाही लागतात हे पटत नाही.

लोकांना खरं तर आमच्याकडेच ठेवी ठेवायच्या होत्या. "बाई, तुमच्याजवळच राहू द्या न, वर्षाचं काय ते द्या." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की दुप्पटवाल्यांचा धंदा कसा उभा राहतो याचं मला आता नवल वाटत नाही. त्यांना खोटं बोलायचीही गरज पडत नसेल. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी नसताना असा धंदा करता येत नाही, आणि नव्या वित्त कंपनीला १९९९ पासून दोन कोटींचा स्वनिधी लागायचा, आता तर दहा कोटी. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते, आणि असते तरी मी ठेवी घेतल्या नसत्या. कंपनीच्या पहिल्या दिवसापासून एक शिस्त आहे. रोख हातात घ्यायची नाही. चेक थेट फंडाच्या नावाने. सुरुवातीला यामुळेच लोकांना संशय यायचा. घरी येऊन, चहा पिऊन, रोख मोजून घेणारा माणूस आपला वाटतो. जो हातात पैसेच घेत नाही त्याच्या मनात काय आहे कुणास ठाऊक!

ठेवी बुडाल्या तर काय होतं हे मी कोर्टात पाहिलं होतं. १९९९ चा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, चांगला आहे. संचालकांची मालमत्ता जप्त करता येते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो, विशेष न्यायालय लिलावाचा हुकूम देऊ शकतं. फक्त जप्तीला गेल्यावर कळतं की इमारत आधीच बँकेकडे गहाण आहे, प्लॉट तिसऱ्याच्याच नावावर आहे आणि उरली आहेत ती ऑफिसातली टेबलं. ठेवीदारांची यादी करायला महिने जातात, कारण निम्म्यांच्या पावत्या एजंटाकडेच असतात. लिलावातून जे येतं ते वाटायला घेतलं की दर शेकडा किती पडतात हे सांगताना वकिलालाच ओशाळं व्हायला होतं.

वकिलीचा उपयोग मला सगळ्यात जास्त झाला तो मात्र वेगळ्याच ठिकाणी. नॉमिनीचं नाव लिहिलं की पैसे त्याचेच, असा समज यवतमाळच्या डॉक्टरांपासून वडकीच्या किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांचा असतो. तसं नाही. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या विमा कायद्याखाली १९८३ मध्येच सर्बती देवी खटल्यात सांगितलं होतं की नॉमिनी पैसे घेतो ते वारसांसाठी. शेअर आणि फंडांबद्दल मतभेद होते, तेही डिसेंबर २०२३ मध्ये मिटले. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून निघालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व कायम केलं: नॉमिनी मालक होत नाही, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने जाते. मराठी घरांत हा निकाल सांगायला सोपा पडतो, कारण भिंतीवर ते कॅलेंडर असतंच. आमच्याकडे खातं उघडताना फॉर्मआधी एक कोरा कागद पुढे येतो. त्यावर घरातली सगळी माणसं लिहायची, लग्न झालेल्या मुलींसकट. पुष्कळ पुरुष मुलींपाशी येऊन थांबतात. मी काही बोलत नाही. पेन पुढे सरकवते.

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात जवळपास ३९०० अंशांनी, १३ टक्क्यांहून अधिक कोसळला, तेव्हा वाटलं होतं फोन थांबणार नाहीत. मास्तरांचे आले, डॉक्टरांचे आले. शेतकऱ्यांचा एकही आला नाही. त्यांना त्या दिवशी टाळेबंदीत कापूस खरेदी केंद्र चालू राहणार का, एवढीच काळजी होती.

आता काळजी वेगळी आहे. त्या शेतकऱ्यांची पोरं. स्वस्त डेटा, मोबाईलवर पाच मिनिटांत उघडणारं डिमॅट खातं, आणि टेलिग्रामवर टिप देणारा कुणी सर. सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्या अभ्यासाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे बाजारात उतरलेल्या १०० वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ जणांनी पैसे घालवले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर. हा आकडा सांगितला की पोरगं म्हणतं, "मॅडम, मी त्या सातांत आहे." बापाने मोबदल्याचे पैसे कशाला लावले हे त्याला पाठ असतं, आणि तो वेडेपणा होता असंही त्याचं मत असतं. दुप्पटवाला निदान गावात तोंड दाखवायचा. या पोरांची रक्कम कुठे गेली याचा गुन्हा नोंदवायला ठाणंही नाही, कारण सगळं कायदेशीरच होतं.

पवनार ते पत्रादेवी असा शक्तिपीठ महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जाणार असं ठरल्यापासून कंपनीत पुन्हा जमिनीची माणसं यायला लागली आहेत. काहींना रस्ता नको आहे, काहींना आकडा हवा आहे, आणि बऱ्याच घरांत ही दोन्ही मतं एकाच ओसरीवर राहतात. मध्यंतरी एका गावात समाजमंदिरात बसले होते. पहिला प्रश्न फंडाचा नव्हता, हरकत कुठे नोंदवायची याचा होता, ते मी सांगितलं. दुसरा एका म्हाताऱ्याचा. "वकीलीनबाई, चेक याच्या आंधी पोरानं गाडी बुक केली, त काय करू?" गाडीचा बयाणा परत मिळतो का ते कागद पाहून ठरेल, असं म्हटलं आणि त्या दोघा बापलेकांना सातबारा, आठ-अ, सोसायटीचा उतारा आणि गाडीच्या बुकिंगची पावती घेऊन सोमवारी बोलावलं. घरातल्या बाईलाही आणा, म्हटलं. म्हातारा म्हणाला, "तिले काय समजते?" मागून कुणी तरी म्हणालं, "बयाणा तिच्याच बचत गटातून भरला हाय."